पालखीचा कागद

भीमाचार्यांना मोडी वाचता येत नाही, ही गोष्ट साऱ्या बंगळुरात एकट्या भीमाचार्यांना ठाऊक होती. निदान त्या रविवारच्या सकाळपर्यंत त्यांची तशी समजूत होती.

चामराजपेठेतल्या त्यांच्या घरात दर दसऱ्याला कागदाची पूजा व्हायची. पाटावर लाल खण, खणावर पणजोबा बिंदुमाधवपंतांचा मोडी कागद. हळदकुंकू वाहून झाले की घरातल्या वडील माणसाने तो मोठ्याने वाचायचा आणि मगच सगळ्यांनी पानावर बसायचे, अशी रीत. अठराशे अठ्ठ्याण्णवच्या प्लेगात भीमाचार्यांचे आजोबा आणि वडील आठ दिवसांच्या अंतराने गेले, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. मोडी शिकवायची राहून गेली होती. पण दर वर्षी ऐकून मजकूर तेवढा पाठ झाला होता. त्या दसऱ्याला या पोराने नातलगांसमोर कागद हातात धरला आणि घडाघडा म्हणून दाखवला. एवढेसे पोर मोडी वाचते म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आले. मग खरे सांगायचे कोणत्या तोंडाने? यंदा सांगू, पुढल्या वर्षी सांगू, करता करता साठ वर्षे गेली.

म्हणून गेल्या वर्षी शेषगिरीने, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाने, तो कागद किल्ल्यातल्या महालाला देऊन टाकायची गोष्ट काढली तेव्हा घरात सगळ्यांना वाटले, अण्णा रागावणार. अण्णांनी मात्र 'सरी, नेऊन दे' म्हणून सांगितले आणि त्या रात्री ते कधी नव्हे इतके शांत झोपले. टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल तो. पुढे इंग्रजी अंमलात तिथे सरकारी कचेरी भरायची आणि बिंदुमाधवपंत त्याच कचेरीत चाकरीला. आता सरकारने महाल जतन करून वरच्या माडीवर जुन्या वस्तू मांडल्या होत्या. कागद तिथे काचेखाली गेला आणि दसऱ्याचे वाचन सुटले. हा यंदाचा, एकोणीसशे एकोणसाठ सालचा दसरा भीमाचार्यांनी प्रथमच धास्तीवाचून साजरा केला होता.

आणि आता मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात, उप्पिट्टाची ताटली मांडीवर घेऊन, पुण्याच्या प्रतिमाबाई गर्गे सहज म्हणाल्या, "मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं मी. मोडीचा तास होता तोवर तो माझ्याकडेच असायचा."

भीमाचार्यांचा कॉफीचा लोटा तोंडापाशी थांबला.

"मग तर बरंच झालं!" शेषगिरी खुर्चीतून अर्धा उठलाच. "आज आम्ही तुम्हाला महाल दाखवायला नेतोय ना, तिथं आमचा पालखीचा कागद आहे. अण्णा तुम्हाला वाचून दाखवतील. काय अण्णा?"

"हं," भीमाचार्य म्हणाले.

प्रतिमाबाई आल्या होत्या त्या शेषगिरीच्या वसुमतीला पाहायला. त्यांचा मुलगा विद्याधर चार वर्षांपासून इथल्या विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. आदल्या संध्याकाळी पाहण्याचा कार्यक्रम यथासांग पार पडला होता. विद्याधरने वसुमतीला एकच प्रश्न विचारला आणि वसुमतीने त्याला दोन विचारले, यावरून कमलाने, म्हणजे तिच्या आईने, काय ते ओळखले होते. पण प्रतिमाबाई निघताना "उद्या सांगते" एवढेच बोलल्या, आणि त्या दोन शब्दांनी घराची झोप उडवली होती.

शेषगिरीचे म्हणणे, आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीला त्या नाक मुरडतात. तेव्हा एकदा पालखीचा कागद दाखवला की पुण्याचा ताठा उतरेल. कमलाचे म्हणणे, ताठा असला तर नवऱ्यातच आहे. वसुमती कोणाच्याच बाजूने बोलली नव्हती, सकाळी मात्र तिने आजोबांच्या उपरण्याच्या घड्या नीट करता करता हळूच सांगितले होते, "अज्जा, आज तुम्ही छान वाचा हं. तुम्ही वाचलं की सगळं चांगलं होतं."

महाल घरापासून चालत जायच्या अंतरावर. पुढे विद्याधर आणि वसुमती, मध्ये हातभर अंतर राखून. मागे शेषगिरी आणि कमला पाहुण्यांना दोन्ही बाजूंनी घेऊन. सर्वांत मागे भीमाचार्य आणि त्यांची बायको अहल्याबाई.

"पाय दुखतोय काय?" अहल्याबाईंनी विचारले.

"स्वल्प."

"मग परत फिरूया की. मी सांगते त्यांना."

क्षणभर भीमाचार्यांना मोह झाला. पण पुढे वसुमतीने मान वळवून पाहिले. "नको," ते म्हणाले, "चल."

मनात एकच विचार घोळत होता. बाईंनी शाळेत मोडी शिकवलेली. पाठ केलेल्या मजकुरात एखादा शब्द इकडचा तिकडे झालेला असला तर त्यांच्या ध्यानात आल्याशिवाय राहणार नाही. मग त्या उघड बोलतील, नाहीतर मनात ठेवून पुण्याला जातील. खोटे वाचणाऱ्याची नात कोण करून घेईल? आणि केली तरी त्या पोरीला जन्मभर टोमणे. आठव्या वर्षी केलेली लबाडी नातीच्या लग्नात आडवी येणार, या विचाराने ते काठी जोरजोरात टेकत चालू लागले.

कोटे व्यंकटरमणाच्या देवळाला बाहेरूनच हात जोडून मंडळी महालाच्या बागेत शिरली. दारावर पहारेकरी आप्पाजी उभा होता. भीमाचार्यांना पाहताच त्याने पागोटे सारखे केले.

"या अण्णा, या! पाहुणे वाटतं? बाई, यांच्या पणजोबांना पालखी होती म्हणून मी येणाऱ्या सगळ्यांना सांगतो. कुणी दिल्लीचा येवो, कुणी मद्रासचा."

"ऐकलंत?" शेषगिरी प्रतिमाबाईंना म्हणाला.

"ऐकलं," प्रतिमाबाई म्हणाल्या आणि मान वर करून सागवानी खांब पाहू लागल्या. खांबांचा मूळ रंग उडाला होता. कमानींच्या आतल्या बाजूला मात्र हिरवी-तांबडी वेलबुट्टी अजून दिसत होती. लाकडी जिन्याने सगळे माडीवर गेले. तिथे पायांखालच्या फळ्या कुरकुरत होत्या आणि झरोक्यांतून आलेले ऊन काचेच्या पेटीवर पडले होते.

पेटीत कागद होता. खाली पाटी, कानडीत आणि इंग्रजीत: 'बिंदुमाधवपंत यांस पालखीचा मान देणारा हुकूम'. ही माहिती भीमाचार्यांनीच दिलेली.

"वाचा की अण्णा," आप्पाजी मागोमाग वर येऊन म्हणाला. "आम्हालाही कधी ऐकायला मिळालं नाही."

सुटका नव्हती. भीमाचार्यांनी चष्मा लावला, कागदावर डोळे रोखले आणि सुरुवात केली.

"'राजमान्य राजश्री बिंदुमाधवपंत यांसी. तुमची चाकरी एकनिष्ठेची पाहून सरकार बहुत संतुष्ट जाले. सबब तुम्हांस व तुमचे लेकराबाळांस पालखीचा मान दिल्हा असे...'"

आवाज त्यांचा अजून खणखणीत होता. शेषगिरी छाती काढून उभा राहिला, कमलाने पदर सावरला. प्रतिमाबाई पेटीवर वाकल्या होत्या. त्यांचे बोट काचेवरून डावीकडून उजवीकडे सरकत होते. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. बोट थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. भीमाचार्यांना घाम फुटला, पण जीभ साठ वर्षांच्या सवयीने चालूच होती. "'...किल्ल्याचे दरवाजावर कोणी अडवू नये. वंशपरंपरेने चालवावे. जाणिजे.'"

वाचन संपले तरी प्रतिमाबाईंचे बोट एका जागी टेकलेले होते. मग त्यांनी मान वर करून भीमाचार्यांकडे पाहिले, आणि त्या नजरेत भीमाचार्यांना कळले की बाईंना सगळे कळले आहे.

"कसं वाटलं?" शेषगिरीने विचारले.

प्रतिमाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. त्याला चांगलाच वेळ लागला. "वाचन फारच सुंदर," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गातल्या मुलींना ऐकवायला हवं होतं."

शेषगिरीचा चेहरा उजळला. वसुमतीने आजोबांकडे पाहून डोळे मिचकावले. मग विद्याधर तिला छताचे जोडकाम दाखवायला झरोक्याकडे घेऊन गेला, आप्पाजीने बाकीच्यांना सुलतानाची बसायची जागा दाखवायला नेले, आणि पेटीपाशी दोघेच उरले.

बाईंनी सांभाळून घेतले होते. भीमाचार्यांना सुटल्यासारखे वाटायला हवे होते, पण मेल्याहून मेल्यासारखे वाटत होते. परक्या घरच्या बाईने, तीही होऊ घातलेल्या विहिणीने, आपल्यासाठी खोटे बोलावे?

"एक विचारू?" प्रतिमाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ही गंगव्वा तुमची कोण?"

"कोण गंगव्वा?"

"कागदात आहे नाव."

भीमाचार्यांनी कागदाकडे पाहिले. वळणे, वेलांट्या, सगळे एकसारखे. त्यांनी उपरण्याने कपाळ पुसले.

"बाई, मला मोडी येत नाही." हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडातून बाहेर पडत होते. "वडील गेले, शिकवायचं राहिलं. पाठ आहे ते म्हणतोय. आठव्या वर्षापासून."

"ते मला लगेच कळलं. कागदावर ओळी आठ, आणि तुम्ही वाचत होता वीसएक ओळींचं."

एवढ्या संकटातही भीमाचार्यांना हसू आले. बाईही हसल्या.

"माझ्याकडून कुणाला कळणार नाही," त्या म्हणाल्या. "इथं मोडी वाचणारं येतंय कोण? राहू द्या तसंच."

राहू द्यायला काहीच हरकत नव्हती. तिकडे नात हसत होती, मुलगा खुशीत होता. पण ते नाव त्यांना सोडेना.

"त्यात काय लिहिलंय ते मला सांगा," ते म्हणाले. "खरं काय ते."

प्रतिमाबाईंनी पुन्हा चष्मा लावला आणि बोट काचेवर ठेवून सावकाश वाचले. "'कचेरीतील कारकून बिंदुमाधव यांचा विनंती अर्ज. आमचे कुटुंब गंगव्वा हीस दिवस भरत आले. चिकपेटेस माहेरी पोचवणे आहे. पायी चालवत नाही. कचेरीची डोली आज रिकामी आहे, ती एक दिवस मिळावी.' खाली दुसऱ्या हातचा शेरा आहे. 'डोली व चार भोई द्यावे. बाई अवघडलेली आहे, दरवाजावर कोणी अडवू नये. दिवेलागणीचे आत डोली परत यावी.' शके सतराशे साठ."

"सतराशे साठ," भीमाचार्य पुटपुटले. आजोबांची कुंडली त्यांच्याकडे होती. आजोबांचा जन्म त्याच सालातला.

म्हणजे पालखी नव्हतीच. एक दिवस मागून आणलेली डोली होती, आणि तीत बसली होती आजोबांना पोटात घेतलेली पणजी. पुढे कोणा हौशी माणसाने डोलीची पालखी केली आणि एका दिवसाची वंशपरंपरा केली. त्या भरात बाईचे नाव मात्र गळून गेले.

दर भाद्रपदात भीमाचार्य श्राद्धाला बसत. आईचे नाव, आजीचे नाव घेऊन पाणी सोडत. पणजीपाशी येऊन भटजी थांबत आणि नाव ठाऊक नसल्यामुळे 'अज्ञातनाम्नी' म्हणायला सांगत. प्लेगात घरातली जाणती माणसे गेल्यावर विचारणार कोणाला? आईला विचारले होते, पण आजेसासूचे नाव सुनेच्या कानावर कधी पडलेच नव्हते. इतकी वर्षे त्यांनी त्या बाईला नावावाचून पाणी दिले. आणि तिचे नाव दर दसऱ्याला त्यांच्या हातात होते. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"शेषगिरी!" त्यांनी हाक मारली. "कमला! सगळे इकडे या."

"अहो, कशाला?" प्रतिमाबाई गडबडल्या.

"बाई, तुम्ही आत्ता वाचलं तसं पुन्हा वाचा. सगळ्यांसमोर."

मंडळी गोळा झाली. भीमाचार्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "मघाशी मी जे वाचलं ते त्यात नाही," ते म्हणाले. "मला मोडी येत नाही. कधीच येत नव्हती. आता यांचं ऐका."

प्रतिमाबाईंनी वाचले. आठ ओळींना वेळ तो किती लागणार! 'दिवेलागणीचे आत डोली परत यावी' हे झाले तेव्हा शेषगिरीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"अण्णा, हळू बोला," तो म्हणाला. "आता मी महालाच्या खात्याला काय सांगू? पाटी आपण दिलेल्या माहितीवरून लिहिलीय."

"पाटी बदला म्हणून सांग. गंगव्वेचं नाव घालायला सांग."

"पण पाहुण्यांसमोर, अण्णा... ते काय म्हणतील?"

"काय म्हणू ते मीच सांगते," प्रतिमाबाई म्हणाल्या. "शेषगिरीराव, तुमच्या पत्रांत पालखी चार वेळा आली. पहिल्या पत्रापासूनच मी विचारात पडले. विद्याधरला कारखान्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर. सकाळी पाण्याला रांग. पालखीच्या घरातली मुलगी तिथं कशी राहायची? म्हणून काल मी 'उद्या सांगते' म्हटलं. मुलगी मला कालच आवडली होती."

कमलाने नवऱ्याकडे असे पाहिले की शेषगिरीला कमानीवरची वेलबुट्टी फार पाहण्यासारखी वाटू लागली.

"मग आता?" कमलाने विचारले.

"आता काय! ज्या घरातला पुरुष अवघडलेल्या बायकोसाठी कचेरीत अर्ज करतो ते घर मला पसंत आहे. विद्याधर, तुझं काय?"

विद्याधर लाजला. "मला तर कालच... म्हणजे, आयतु," तो 'ठरलं' म्हणायचे ते एकदम कानडीत बोलून गेला आणि सगळे हसले. वसुमती हसली नाही. ती आजोबांच्या जवळ आली आणि तिने त्यांचा हात धरला.

"अज्जा, तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तुला काय वाटेल म्हणून."

"मला काही वाटलं नाही. अज्जीला विचारा, तिला काय वाटलं."

सगळ्यांनी अहल्याबाईंकडे पाहिले. त्या पेटीपाशी उभ्या राहून कागद न्याहाळत होत्या.

"मला काय वाटायचंय?" त्या म्हणाल्या. "मला ठाऊक होतं की. शेषगिरीच्या पाठचा बाळू पोटात होता त्या दसऱ्याला मी कागद खणावर चुकून उलटा ठेवला. यांनी तसाच उचलला आणि घडाघडा वाचला. एक अक्षर चुकले नाहीत."

"उलटा होता हे तुला कसं कळलं?" भीमाचार्यांनी कसेबसे विचारले. "तुला तरी मोडी कुठं येते?"

"रेघ, अहो. माझे वडील लिहायला बसले की आधी आडवी रेघ ओढायचे, मग खाली अक्षरं. रेघ नेहमी वर. त्या दिवशी रेघा सगळ्या खाली होत्या."

"आणि मग तू बोलली नाहीस? चाळीस वर्षं?"

"छान वाचत होता की तुम्ही," अहल्याबाई म्हणाल्या. "पोरं गप्प बसून ऐकत होती."

साठ वर्षांची धास्ती, त्यातली निम्म्याहून अधिक फुकट गेलेली. भीमाचार्यांना बायकोचा राग आला आणि त्याहून पुष्कळ अधिक माया आली. ते पेटीकडे वळले.

"बाई, गंगव्वा म्हणजे नेमकं कुठलं?"

प्रतिमाबाईंनी दाखवले. भीमाचार्यांनी काचेवर बोट ठेवून ती वळणे गिरवली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा न दाखवता. बाई बोलून गेल्या की त्यांच्या वर्गात इतक्या लवकर कोणी शिकले नव्हते.

"आता आणखी एक नाव लिहून द्या," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून विधानसौधाच्या कुठल्याशा समारंभाची जुनी निमंत्रणपत्रिका काढली. "मागची बाजू कोरी आहे."

"कोणाचं?"

भीमाचार्यांनी इकडेतिकडे पाहिले. बायकोचे नाव चारचौघांत त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर घेतले नव्हते.

"अहल्या," ते म्हणाले. "पुढं कुणाला विचारत बसायची पाळी यायला नको."

प्रतिमाबाईंनी पेन काढले, पत्रिका पेटीच्या कडेवर ठेवली आणि लिहून दिली. अहल्याबाई तोंडाला पदर लावून झरोक्याबाहेर बघत राहिल्या, पण कान इकडेच होते.

खाली उतरून मंडळी बागेतून निघाली. पुढे विद्याधर आणि वसुमती. मधले हातभर अंतर आता वीतभर झाले होते. शेषगिरी आप्पाजीला समजावत होता, की पालखीचे सांगू नकोस, डोलीचे सांग, आणि आप्पाजीला ते मुळीच पटत नव्हते. किल्ल्याच्या जुन्या दरवाजाच्या बाजूने सगळे वळले तेव्हा भीमाचार्य थोडे थांबले. इथूनच कुठून तरी ती डोली गेली असणार, चार भोई, आत गंगव्वा, आणि कोणी अडवले नसणार. मनातल्या मनात त्यांनी तिचे नाव गोत्रासकट म्हणून पाहिले. भाद्रपदाला अजून पुष्कळ अवकाश होता, पण त्यांना दम नव्हता.

मग त्यांनी खिशातून पत्रिका काढली आणि डोळ्यांजवळ धरून ती अक्षरे लावायला सुरुवात केली. अहल्याबाई शेजारून चालत होत्या. चार पावले त्यांनी वाट पाहिली.

"अहो," त्या म्हणाल्या, "रेघ वर."

भीमाचार्यांनी पत्रिका सुलटी केली.